एअर-कूल्ड मोटरसायकलला घरच्या घरी ऑइल कूलर कसा बसवावा

ऑइल कूलर म्हणजे इंजिनचं ऑइल वाऱ्याने थंड करणारा छोटा रेडिएटर. तो विकत घेण्याआधी ऑइल खरंच किती तापतं ते मोजा. डिपस्टिकच्या जागी बसणारा थर्मामीटर मिळतो. ९० ते ११० अंश सेल्सिअस असेल तर कूलरची गरज नाही. लांबच्या चढावर किंवा कोंडीत काटा वारंवार १३० च्या पुढे जात असेल, तर आधी ऑइलची पातळी, सिलिंडरच्या पात्यांमधला चिखल आणि कार्बुरेटरचं सेटिंग बघा. या दोषांवर कूलर हा इलाज नाही, त्याने ते फक्त झाकले जातात.

किट तुमच्याच इंजिनसाठी बनवलेलं घ्या. होज, म्हणजे इंजिन आणि कूलरमध्ये ऑइल नेणारे पाइप, गरम ऑइल आणि दाब सहन करणारेच हवेत. पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाइप इथे चालत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे साधारण ८० अंशांना ऑइलला कूलरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, असेल तर उत्तमच. ऑइल फार थंड राहिलं तर त्यात साचलेलं पाणी उडून जात नाही, आणि थंडीच्या दिवसांत हा त्रास जास्त होतो. जॅम झालेल्या इंजिनवरचा जुना कूलर फुकट मिळाला तरी लावू नका; आतला धातूचा चुरा पूर्ण निघत नाही.

ऑइल काढण्याआधी सगळं नुसतं लावून बघा. कूलर वाऱ्याच्या तोंडावर, फ्रेमच्या पुढच्या नळीला रबर बुश घालून बसवा. होजची तोंडं शक्यतो वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे आत हवा अडकत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, पुढचं सस्पेन्शन दाबा. मडगार्ड कूलरला लागता कामा नये, होज ताणला जाता कामा नये आणि तो एक्झॉस्टपासून लांब हवा.

मग इंजिन थंड असताना ऑइल काढा. होज इंजिनला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या (बँजो बोल्ट) डोक्याखाली एक आणि जोडाखाली एक असे तांब्याचे नवे वॉशर घाला. ॲल्युमिनियमचे आटे चटकन जातात, म्हणून बोल्ट आधी हाताने फिरवा आणि नंतर किटमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) टॉर्क रेंचने आवळा. कूलरवरचा जोड आवळताना दुसऱ्या पान्याने त्याची मान धरून ठेवा, नाहीतर ती पिळली जाऊन तडकते.

नेहमीइतकं ऑइल भरा, इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा. ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर थोड्या वेळाने इंजिन थांबवा, पातळी पुन्हा बघा आणि कूलर-होजमध्ये गेलं तेवढं ऑइल वर घाला.

प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसा. टिश्यूवर डाग दिसला तर गाडी रस्त्यावर काढू नका. ऑइल मागच्या टायरवर उडालं तर गाडी घसरते, एक्झॉस्टवर पडलं तर पेटू शकतं. पहिली फेरी जवळचीच मारा, परत आल्यावर पुन्हा टिश्यू फिरवा. शंभरेक किलोमीटरनंतर होज कुठे घासतोय का ते बोटाने चाचपून बघा आणि घासत असेल तिथे क्लिप लावून त्याला बाजूला घ्या.