थंडीच्या हंगामात नवे शोभिवंत मासे आणताना: विलगीकरण, लक्षणे आणि उपचार

थंडी सुरू होऊन पाण्याचे तापमान उतरू लागले की शोभिवंत मत्स्यपालकांना एक फसवा दिलासा मिळतो. बाहेरून आणलेले मासे आठ-दहा दिवस धडधाकट दिसतात, म्हणून ते मुख्य टाक्यांत सोडले जातात, आणि पुढे पाणी तापल्यावर किंवा मासे हीटर असलेल्या टाकीत गेल्यावर रोग एकाएकी उफाळून येतो. गार पाण्यात बहुतेक रोगकारक मरत नाहीत, त्यांचा वेग तेवढा मंदावतो. म्हणूनच या हंगामात विलगीकरणाचा हिशेब केवळ दिवसांवर न करता पाण्याच्या तापमानावर करावा.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरून, म्हणजे पालक ज्याला ‘इक’ म्हणतात त्यावरून, हे नीट समजते. या रोगाचा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, तेव्हा अंगावर व परांवर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतात. वाढ पूर्ण झाली की तो गळून तळाशी जातो, कवचात विभागला जातो आणि त्यातून शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या अवस्थेवर. कातडीखालच्या आणि कवचातल्या परजीवीला ते सहसा पोचत नाही. हा सगळा फेरा 24 ते 26 अंश सेल्सिअसला साधारण 3 ते 6 दिवसांत पुरा होतो, 15 अंशांच्या आसपास त्याला दहा दिवस किंवा अधिक लागतात आणि 10 अंशांना महिनाही लागू शकतो. त्यामुळे गार पाण्यात दोन आठवडे एकही ठिपका दिसला नाही, यावरून मासा निरोगी ठरत नाही. उष्णकटिबंधीय जातींसाठी विलगीकरण टाकीत हीटर लावून पाणी 25 अंशांच्या जवळ स्थिर ठेवावे आणि किमान चार आठवडे मासे तेथेच राहू द्यावेत.

कोई, म्हणजे शोभेच्या रंगीत कार्प माशांच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी. कोई हर्पीस विषाणूचा रोग प्रामुख्याने 16 ते 25 अंशांच्या पाण्यात प्रकट होतो. त्याहून गार पाण्यात लागण झालेला मासाही निरोगी भासतो. कल्ल्यांवर पांढरट-तपकिरी कुजके चट्टे, खोल गेलेले डोळे आणि मोठ्या प्रमाणावर मर ही त्याची लक्षणे आहेत. त्यावर उपचार नाही, शिवाय वाचलेले मासे वाहक राहू शकतात. म्हणून नवे कोई 23-24 अंशांच्या पाण्यात ठेवूनच पारखावेत आणि शंका येताच मासे किंवा पाणी कोठेही न हलवता मत्स्यरोग तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

विलगीकरण टाकीचा थाट लागत नाही. वाळू-खडी न घातलेला मोकळा तळ, लपण्यासाठी प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, हीटर, थर्मामीटर आणि निरोगी टाकीत आधीपासून चालवून मुरवलेला स्पंज फिल्टर एवढे पुरे. कोरा फिल्टर लावल्यास माशांच्या उत्सर्जनातला विषारी अमोनिया साचतो आणि मग मासा रोगाने मलूल आहे की पाण्याने, हे कळत नाही. जाळी, बादली व नळी या टाकीची वेगळी असावी आणि रोजच्या कामात तिची पाळी शेवटी ठेवावी.

मासे आणताना बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे. हंगाम गार असताना यात घाई टाळावीच. पिशवी उघडल्यावर मात्र रेंगाळू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा सामू (पीएच, आम्लता-अल्कतेचे माप) उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितकासा घातक राहत नाही. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया कल्ले पोळू लागतो. मासे जाळीने उचलून सोडावेत आणि पिशवीतले पाणी टाकीत कधीही ओतू नये. खरे तर निवड त्याआधीच झालेली असावी: ज्या टाकीत एक जरी मेलेला मासा दिसला, तिच्यातला कितीही देखणा मासा घेऊ नये.

पुढे रोज खाणे टाकण्याच्या वेळी दोन मिनिटे नुसते पाहत उभे राहावे. पर मिटून कोपऱ्यात थांबणे, पाइपला अंग घासणे, पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकणे, खाणे तोंडात घेऊन थुंकणे ही ठिपक्यांच्याही आधी दिसणारी चिन्हे आहेत. अंधारात टॉर्चचा झोत बाजूने टाकल्यास अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी चमकली, तर मखमली रोगाचा संशय घ्यावा. ठिपके नसताना अंग घासणे आणि एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास घेणे हे कल्ल्यांतील चपट्या कृमींकडे बोट दाखवते. गप्पी, मोली यांच्या गुदद्वारातून लालसर धागे डोकावत असतील, तर ते आतड्यांतील गोल कृमी असतात.

सर्वाधिक चूक होते ती पांढऱ्या चट्ट्यांत. ओठांवर किंवा पाठीवर पसरणारा करडा-पांढरा थर बुरशीचा वाटतो, पण पुष्कळदा तो कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाचा असतो. ‘इक’मध्ये तापमान हळूहळू वाढवणे उपयोगी पडते, तोच उपाय येथे केल्यास रोग झपाट्याने पसरतो. निदान पक्के होईपर्यंत हीटरला हात लावू नये.

उपचाराआधी अमोनिया आणि नायट्राइट तपासावे; दोन्ही शून्य नसतील, तर प्रथम पाणी बदलावे. गोड्या पाण्यातील बहुतेक जातींना लिटरमागे 1 ते 3 ग्रॅम मीठ एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने दिल्यास चालते, मात्र कोरिडोरस व लोच जातींना ते सोसत नाही. औषध घालण्यापूर्वी फिल्टरमधील कोळसा काढावा, हवेचा पुरवठा वाढवावा आणि एका वेळी एकच औषध वेष्टनावरील मात्रेत द्यावे. ठिपके दिसेनासे झाल्यावरही परजीवीचा आणखी एक फेरा पुरा होईपर्यंत औषध चालू ठेवावे. मॅलाकाइट ग्रीन या परजीवीनाशक औषधावर खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत बंदी आहे, त्यामुळे असे पाणी खाद्य मत्स्यतळ्यात जाऊ देऊ नये. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत. अंदाजाने दिलेल्या मात्रेने जिवाणू निर्ढावतात.

मेलेला मासा लगेच काढून खोल पुरावा आणि जाळी पुन्हा वापरण्यापूर्वी पूर्ण वाळवावी. हाताला जखम असताना हातमोजे घालावेत, कारण माशांतील क्षयसदृश जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतात आणि त्याची गाठ बरी व्हायला महिने लागतात.