जुनं घर विकायच्या आधी नवीन घेऊन राहिले का? मग हे वाचून घ्या

नागपूरच्या महाल भागातलं घर विकायचं बाकी आणि इकडे बेसा रोडला फ्लॅट पसंत पडला, अशी आमची गत झाली होती. ब्रोकर म्हणे आजच टोकन द्या नाहीतर हातचा जाईल. थांबा भाऊ, टोकन मग, आधी जुन्या घराचे कागद काढा.

पहिले आखीव पत्रिका (जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी कागद). आमच्या पत्रिकेवर अजून आजोबाच होते, मग वारस म्हणून दोन काका अन् एक आत्या, आत्या रायपूरला, सगळ्यांची नावं चढवून हक्कसोडपत्र रजिस्टर होईपर्यंत पाच महिने गेले. एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट असेल तर त्यांची एनओसी, लेआउटमधला असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र), हे खरेदीदाराची बँक मागतेच. घरटॅक्स आणि पाण्याचं बिलही भरून ठेवा. कागद नसले की गिऱ्हाईक चहा पिऊन जातं ते परत येत नाही.

आता पैसे. समजा नवीन फ्लॅट 60 लाखाचा आहे. 30 ते 75 लाखाच्या लोनमध्ये बँक किमतीच्या 80 टक्क्यांवर जात नाही, म्हणजे 48 लाख. वरचे 12 लाख, स्टॅम्प ड्युटी वेगळी आणि रजिस्ट्रेशनचे 30 हजार वेगळे, सगळं तुमच्या खिशातून, तेही जुनं घर विकायच्या आधी! बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का वाचतो, तेवढं नक्की करा. ब्रिज लोन (जुनं घर विकेपर्यंतचं तात्पुरतं लोन) मिळतं पण महाग पडतं आणि मुदत थोडी असते. पगारात दोन हप्ते बसत असतील तर मला साधं फ्लोटिंग (बदलत्या व्याजदराचं) होम लोनच बरं वाटतं, घर विकलं की एकरकमी भरा, त्यावर दंड लागत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते टॅक्समध्ये. जुन्या घरावरच्या कॅपिटल गेनचा (विक्रीतल्या नफ्याचा) टॅक्स तो नफा नव्या घरात दाखवून वाचवता येतो (कलम 54 म्हणतात ते हेच), पण तयार घर आधी घेतलं असेल तर जुनं त्यानंतर एका वर्षाच्या आत विकलं गेलं पाहिजे. विकल्यानंतर घेणाऱ्याला दोन वर्षं मिळतात, आपल्याला एकच. आणि ते 12 महिनेही पूर्ण हातात नसतात, पितृपक्षात कोणी बयाणा देत नाही, मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारी घर पाहायला कोण येतं? म्हणून माझ्या मते जुन्याचा बयाणा हातात आला की मगच नव्याची रजिस्ट्री करा. तोवर नव्या घराच्या बयाणा चिठ्ठीत मुदत जास्त लिहून घ्या, आणि लोन नामंजूर झालं तर टोकन परत हेही. बिल्डरकडून घेत असाल तर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी 10 टक्क्यांवर एक रुपया देऊ नका, रेरात (बिल्डरवरच्या कायद्यात) तसा नियमच आहे. आणि सौदा 50 लाखाचा किंवा वरचा असला तर 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) घेणाऱ्याने कापायचा असतो, म्हणजे नवीन घेताना तुम्ही कापायचा, जुनं विकताना तुमचा कापला जाईल.

विकेपर्यंत जुनं घर एकदम रिकामं करू नका, ओसाड घराचा भाव लगेच पाडून मागतात. पलंग, पंखे, खिडकीतला कूलर राहू द्या. आमच्या आईने तर कूलर स्टँडसकट भावात धरला होता, अन् गिऱ्हाईकाने दिले बापा पैसे.