साडेतीन मिमीला एक फूट : नागपूरच्या छोट्या गाडीचा डबा

पाटबंधारे खात्यात मी 31 वर्षं ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारी, होते. आधी मोजायचं, मग रेघ मारायची, हे हाताला इतकं बसलेलं. आणि निवृत्तीनंतर रेल्वेच्या डब्याचं पहिलं छोटं मॉडेल बनवताना नेमकं तेच विसरले! फोटो बघून अंदाजाने पुठ्ठा कापला. भाच्याने उचलून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, ही गाडी जेवून आली का?" डबा तब्बल सहा मिमी जास्त रुंद झाला होता. ऐकायला सहा मिमी म्हणजे काहीच नाही, पण साडेतीन मिमीला एक फूट या प्रमाणात ते पावणेदोन फूट होतात.

मला बनवायची होती ती नागभीडची छोटी गाडी. आमचं आजोळ भिवापूर. उन्हाळ्याच्या सुट्टीत इतवारीहून बसलो की डब्यात मिरचीच्या पोत्याशेजारी जागा मिळायची आणि भिवापूर येईपर्यंत शिंका थांबायच्या नाहीत. ती गाडी 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. आता छोटे डबे निवांत बघायचे तर मोतीबागच्या नॅरो गेज संग्रहालयात जा. ते 2002 पासून आहे.

प्रमाण ठरवताना मी घाई करू देणार नाही, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मॉडेल रेल्वेत जगभर चालणारं माप म्हणजे एचओ, 1:87. त्यात खऱ्या एका फुटाचे साडेतीन मिमी होतात. एचओचे रूळ विकत मिळतात ते 16.5 मिमी अंतराचे. आपली मोठी लाईन साडेपाच फुटांची, तिला खरं तर सव्वाएकोणीस मिमी हवेत. म्हणून आपली एक्सप्रेस त्या रुळांवर ठेवली की चड्डी आखूड झालेल्या मुलासारखी दिसते. छोट्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे. अडीच गुणिले साडेतीन, पावणेनऊ मिमी. आणि एन नावाच्या लहान मापाचे तयार रूळ असतात 9 मिमीचे. पाव मिमीचा फरक, तो डोळ्याला कळत नाही. हा हिशेब कागदावर जुळला त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

म्हणजे डबा एचओ मापाचा आणि रूळ, चाकं, बोगी एनच्या. बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट. एनचा एखादा जुना, वरून मोडका डबा स्वस्तात मिळाला तर त्याच्या बोगी काढून घ्या. चाकं घरी बनवायच्या फंदात पडू नका.

आता मोजणी. संग्रहालयात जाताना पातळ लाकडी पट्टी न्या, तिच्यावर एकेक फूट काळा-पांढरा रंगवा. तिथल्या माणसाला विचारून पट्टी डब्याला टेकवून उभी करा आणि मागे जाता येईल तितकं मागे जाऊन, झूम करून, अगदी समोरून फोटो काढा. जवळून काढलात तर डब्याची टोकं बारीक होतात आणि माझ्यासारखी फसगत होते. मग टेपने स्वतः मोजा: लांबी, दार, खिडकी, दोन खिडक्यांमधली जागा, पायरीची जमिनीपासूनची उंची. वर चढू नका. फूट-इंच वहीत तिथेच लिहा आणि घरी सगळं साडेतीनने गुणा. सहा फुटांचं दार 21 मिमी येतं. दारात पाच फूट चार इंचांची बाई उभी केली तर ती पावणेएकोणीस मिमीची. उंची चुकली की पहिल्यांदा तीच चुगली करते.

पहिला डबा पुठ्ठ्याचाच करा. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीला) स्टेशनरीच्या दुकानात आयव्हरी शीट मिळते. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकाही चालतात, फक्त चकचकीत नकोत. कापायच्या आधी शीटला दोन्ही बाजूंनी चपड्याचं स्पिरिट पॉलिश लावा. फर्निचरवाले वापरतात तेच, इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पुठ्ठा ते पिऊन कडक होतो आणि कापताना कडेला लव सुटत नाही.

बाजूची भिंत तीन थरांत करते मी. आतला थर, मध्ये पारदर्शक ओएचपी शीटची पट्टी, वर बाहेरचा थर. बाहेरच्या थराची खिडकी अर्धा मिमी मोठी कापा, म्हणजे आतल्या थराची कड चौकटीसारखी दिसते. खिडकी कापताना चारही कोपऱ्यांत आधी पात्याचं टोक रोवा, मग कोपऱ्याकडून मध्याकडे कापत या. मध्याकडून कोपऱ्याकडे गेलात की पातं पुढे घसरतं. स्टीलची पट्टी नेहमी ठेवायच्या भागावर, म्हणजे हात घसरला तरी टाकाऊच कापलं जाईल. एका दमात आरपार कापायचा हट्ट नको, हलक्या हाताने चार वेळा फिरवा. आणि पातं बदला. पात्यात कंजुषी करणारी माणसं मला कळत नाहीत, बाप्पा.

काचेजवळ झटपट चिकटणारा सुपरग्लू आणू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक शीटवर पांढरी धुरकट साय धरते, ती पुसून जात नाही. तिथे फेविकॉल, टाचणीच्या टोकाएवढा. रिबिटं काढायची तर शीट उलटी करून जुन्या वहीवर ठेवा आणि बोथट कंपासने ओळीत टोचा.

छतासाठी पातळ पुठ्ठा दमट करून लाटण्यावर गुंडाळा, कापडी पट्टीने बांधून रात्रभर ठेवा. सोडल्यावर तो थोडा उघडतोच, म्हणून लाटणं छतापेक्षा बारीक गोलाईचं घ्या. पोळ्यांचं घेऊ नका, घरात बोलणी बसतात.

नंतर प्लास्टिक शीटवर गेलात तर एक लक्षात ठेवा. दोन शीटा द्रव सिमेंटने (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ गोंदाने) पूर्ण चिकटवल्या की सिमेंट मध्ये अडकतं आणि महिन्याभराने भिंत पापडासारखी वाकते. आतल्या शीटला आधी भोकं पाडून ठेवा.

रंगाचं मात्र नागपूरचं हवामान ठरवतं, तुम्ही नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या ऐन उन्हात, गच्चीवर प्राइमरचा कॅन फवारला तर रंग वाटेतच वाळतो आणि डब्यावर रवा पसरल्यासारखा बसतो. म्हणून कूलरसमोर बसावं, तर कूलर ओलावा आणि वाळ्याची कुसं दोन्ही फेकतो. माझ्या एका डब्याच्या छतावर अजून वाळ्याचं एक कूस आहे, ते मी काढलं नाही. पावसाळ्यात वेगळंच दुखणं: लॅकर आणि चपडा दोन्ही दमट हवेत पांढरे पडतात. मी फवारणीची सगळी कामं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकते. जानेवारीच्या सकाळी कॅनचा जोर कमी होतो, तेव्हा तो दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. गॅसजवळ किंवा उन्हात कधीच नाही. तोंडाला मास्क लावा.

उन्हाळ्यात हात स्वस्थ बसत नसेल तर ॲक्रिलिक ब्रशने लावा. स्वयंपाकघरातल्या डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. म्हणजे 45 अंशांतही तासभर ओला राहतो. खऱ्या डब्याचा रंग जसाच्या तसा लावलात तर इतक्या लहान वस्तूवर तो गडद दिसतो. त्यात थोडा करडा-पांढरा मिसळा. धूळ शेवटी: खडूचा पेस्टल सँडपेपरवर घासायचा, भुकटी मऊ ब्रशने पायऱ्यांवर आणि बोगींवर. छतावर काळपट, खाली मातकट. एनच्या रुळांचे स्लीपर छोट्या गाडीसाठी फार जवळजवळ असतात, ते चाळलेल्या मातीत बुजवून टाका.

मिरचीचं पोतं मी टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून केलं आणि हौसेने आत खरी भिवापुरी मिरची भरडून घातली. पावसाळ्यात त्यातून किडे निघाले. आता विटकरी पेस्टलची भुकटी आहे.

डबा टेबलावर ठेवून वरून बघितला तर खेळणं दिसतं. बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा कप्प्यात ठेवा, पुढे काच हवीच, नाहीतर आठवड्यात धूळ खरीखुरी बसते. एक डोळा मिटा आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून दाराकडे पाहा. भाचा आला की गुडघ्यावर बसून असंच बघतो. परवा त्याने विचारलं, पायरी इतकी उंच होती तर आजी कशी चढायची? आजोबा आधी चढून हात द्यायचे. आता ते दोघे दारात उभे करायचे आहेत, पावणेएकोणीस आणि साडेएकोणीस मिमीचे, तांब्याच्या तारेवर टिश्यू गुंडाळून. आजीचं नऊवारी कसं नेसवायचं, यावर अडले आहे.