सावळ्या अंगावरचा ‘स्ट्रेप ए’ ओळखायचा कसा

मी लंडनजवळच्या स्लाउमध्ये एका नर्सरीत कामाला आहे. दर हिवाळ्यात आपल्या मराठी आया मला पोरांच्या पुरळांचे फोटो पाठवतात. फोटो काय बघायचे? आधी बोट फिरवा.

2022च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये ‘स्ट्रेप ए’ या जिवाणूने लहान मुलं दगावली, तेव्हापासून ही भीती सगळ्यांच्या मनात बसली आहे. जंतू काही नवा नाही. बहुतेकदा तो घसा धरतो, नाहीतर स्कार्लेट फीव्हर (अंगावर पुरळ उठणारा ताप) देतो आणि औषधाने जातो. क्वचित रक्तात, फुप्फुसात किंवा स्नायूंत उतरतो, तेव्हा मात्र तासांचा हिशेब असतो. कोविडच्या काळात मुलं घरात राहिली, या जंतूशी अनेकांची गाठच पडली नव्हती. मग फ्लू आणि बाकीचे विषाणू एकदमच आले. फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स, स्वीडन इथेही तेच झालं, आणि जास्त फटका दहा वर्षांखालच्या मुलांना बसला.

तर ओळखायचं कसं? पत्रकांत लिहितात ‘लाल पुरळ’. आपल्या पोरांच्या अंगावर ती लाली दिसेलच असं नाही. पोटावरून, छातीवरून बोटांची टोकं हलकेच फिरवा. सँडपेपरसारखं खरखरीत लागलं आणि सोबत ताप, घसादुखी असेल, तर त्याच दिवशी जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन करा. जीभही बघा: आधी पांढरा थर, मग तो निघून लालभडक, दाणेदार. आजी म्हणतील ‘उष्णता बाहेर पडतेय, पडू दे’. आजींना नमस्कार करा आणि फोन लावा.

काचेचा पेला पुरळावर दाबून पाहा. दाबूनही डाग पुसट होत नसतील तर 999, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर. सावळ्या कातडीवर हे तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि पापणीच्या आतल्या बाजूला नीट कळतं. निळेपणा किंवा राखाडी झाकही तळहात-तळपायांवरच शोधा, ओठ आणि जिभेवरही.

कांजिण्या झालेल्या मुलावर जास्त लक्ष ठेवा. उतरलेला ताप पुन्हा चढला, किंवा एखाद्या फोडाभोवती गरम, सुजलेलं, खूप दुखणारं झालं, तर थांबू नका. कांजिण्यांत आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. मूल पाय टेकवतच नाही, हात लावला की किंचाळतं, हेही साधं नव्हे.

111ला, म्हणजे इथल्या आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन कधी? दूध-जेवण नेहमीपेक्षा फारच कमी, बारा तास नॅपी कोरडी, मूल अगदी मलूल किंवा सारखं चिडचिडं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सियस ताप, त्यावरच्यांना 39 किंवा जास्त. आणि आकडे सगळे ठीक असूनही ‘हे माझं नेहमीचं बाळ नाही’ असं वाटलं तरी. श्वासाबरोबर कण्हणं, बरगड्यांखाली पोट आत ओढलं जाणं, श्वास मध्येच थांबणं, हलवूनही जागं न होणं: इथे 111 नाही, थेट 999.

आता बॅगेतल्या औषधांबद्दल. भारतातून आणलेलं अँटिबायोटिक उरलंसुरलं पाजू नका. स्कार्लेट फीव्हरला साधारणपणे पेनिसिलिन दहा दिवस देतात आणि मूल दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं तरी कोर्स पुरा करायचा. सुरू केल्यावर पूर्ण 24 तास नर्सरीत पाठवायचं नाही. (पाठवतात! मला कळतं.) क्रोसिनच्या थेंबांत पॅरासिटामॉल एका मिलीत 100 मिलीग्रॅम असतं, इथल्या लहान मुलांच्या कॅल्पॉलमध्ये पाच मिलीत 120. कॅल्पॉलचा चमचा क्रोसिनच्या थेंबांना लावलात तर डोस चौपट होतो.

फोनवर आपण भिडेखातर ‘थोडासा ताप आहे’ म्हणतो. तसं बोलू नका. ताप किती, शेवटची शू कधी, काल काय करत होता आणि आज काय करत नाही, एवढं सांगा. आजी-आजोबा एकटे घरी असतील तर फ्रिजवर पत्ता आणि पोस्टकोड चिकटवून ठेवा. 111वर दुभाषा मागता येतो. ‘मराठी, प्लीज’ एवढे दोन शब्द त्यांना शिकवून ठेवा.