इतिहासाची ओजेटी नाशकात करायची असेल तर

एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आता चार क्रेडिटची ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून शिकणं) असते, म्हणजे १२० तास. रोज चार तास धरले तर महिना. सही-शिक्का जिथे पटकन मिळेल तिथे मुलं जातात. मीही आधी तशीच गेले, आणि पहिला आठवडा प्रमाणपत्रांवर नावं टाइप करण्यात गेला. म्हणून जागा ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: माझ्या हाताला जुनी वस्तू किंवा जुना कागद लागेल का? आणि मी लिहिलेलं येणारे-जाणारे लोक वाचतील का?

नाशकात अशा जागा आहेत. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, तिथे जुनी ग्रंथसंपदा आहे. अंजनेरीला नाण्यांचं संशोधन केंद्र आणि संग्रहालय आहे. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन स्वतः जा, ईमेलच्या भरवशावर राहू नका. अर्जात "अनुभव हवा आहे" असं लिहू नका. "पन्नास वस्तूंच्या नोंदी तपासून देईन" असं लिहा. जुन्या कागदांची मोडी लिपी आधी शिकून घ्या. निदान अक्षरओळख तरी हवीच.

मग दाखल नोंदवही मागा, म्हणजे संस्थेत आलेली प्रत्येक वस्तू जिच्यात नोंदवतात ती वही. मला मिळालेल्या नोंदवहीत एका ओळीत एवढंच होतं: "मोठे भांडे, तांबे, १". फोटो घेऊन मी तांबट आळीत गेले. तिथल्या काकांनी बघताक्षणी सांगितलं, "अगं, हे घंगाळ. आंघोळीच्या पाण्याचं." ठोके कसे मारलेत, कडी कुठे बसवली आहे, सगळं समजावलं. वर्गात मी संदर्भग्रंथ शोधत बसले असते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो वस्तूशेजारच्या पाटीला. चाळीस शब्द, त्याहून जास्त नाही. काळाराम मंदिरावर सराव म्हणून मी पहिल्यांदा लिहिलं: "मंदिरप्रवेश चळवळीचे सामाजिक परिणाम दूरगामी होते." दारात चपला काढणाऱ्या माणसाला यातून काय कळणार? सातव्यांदा लिहिलं ते असं: "२ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या मंदिरात प्रवेश मागायला आली. दरवाजे बंद होते. सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला." लिहिलेलं मोठ्याने वाचा. दम लागला तर वाक्य तोडा.

आणि घाटावर जाऊन ऐका. गोदावरीच्या पुरावर टिपण करताना मी गंगापूर धरणातून सुटलेल्या पाण्याचे क्युसेक लिहून नेले होते. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "ते आकडे राहू दे. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचार." घाटावरच्या या मारुतीच्या मूर्तीचा गुडघा, कंबर, गळा: अख्खं नाशिक पूर याच मापाने मोजतं, आणि ते माझ्या टिपणात नव्हतंच. १९६९ च्या पुराच्या वेळी त्या लहान होत्या. भांडी कोणत्या माळ्यावर चढवली इथपर्यंत त्यांना आठवत होतं. रेकॉर्डिंगआधी परवानगी विचारा, नाव छापायचं की नाही तेही विचारा. मध्ये बोलू नका. माणूस गप्प झाला तरी थोडं थांबा.

शेवटच्या दिवशी नोंदींची एक प्रत त्या संस्थेत ठेवा. आणि ज्यांनी सांगितलं त्यांना लिहिलेलं वाचून दाखवा. मावशींनी माझ्या टिपणातली दोन वाक्यं खोडायला लावली आणि शेजारणीचं एक नाव घालायला सांगितलं.