सर आर्कू कोर्सा यांच्यावर लिहिताय? या चुका टाळा

ब्रिटिश अमलाखालच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सरन्यायाधीशपदावर बसलेले पहिले आफ्रिकी म्हणजे सर कोबिना आर्कू कोर्सा. वसाहतवादावरचा निबंध असो, व्हिडिओची संहिता असो की विश्वकोशातली नोंद, त्यांचं नाव आलं की काही घोटाळे हमखास होतात. त्यातले काही किरकोळ आहेत. एक मात्र असा आहे की त्यामुळे सगळा माणूसच चुकीचा उभा राहतो.

‘पहिले आफ्रिकी न्यायाधीश’ असं लिहून मोकळं होणं. कोर्सा पहिले आफ्रिकी सरन्यायाधीश, पहिले न्यायाधीश नव्हेत. सिएरा लिओनचे फ्रान्सिस स्मिथ एकोणिसाव्या शतकातच गोल्ड कोस्टच्या न्यायपीठावर होते. कोर्सा न्यायाधीश झाले १९४५ मध्ये. तुमच्या टिपणात ‘पहिले’ दोनदा आलं आणि वर्षं जुळेनात, तर आधी पद कोणतं ते पाहा. बहुतेक वेळा गोंधळ तिथेच असतो.

स्वातंत्र्यानंतर त्यांची नेमणूक झाली असं गृहीत धरणं. ते सरन्यायाधीश झाले १९५६ मध्ये. घाना स्वतंत्र झाला ६ मार्च १९५७ ला. म्हणजे नेमणूक वसाहतीच्या सरकारची आणि कसोटीचा काळ मात्र स्वतंत्र देशातला. हा क्रम उलटा झाला की पुढचं काहीच नीट लागत नाही.

तिथल्या ‘सुप्रीम कोर्टा’ला आपल्या सर्वोच्च न्यायालयासारखं समजणं. १८७६ च्या कायद्याने स्थापन झालेलं हे कोर्ट नावाने सुप्रीम होतं, पण शेवटचा शब्द त्याचा नव्हता. कोर्सांच्या काळात त्यावर पश्चिम आफ्रिकेचं अपील न्यायालय होतं आणि सर्वांवर लंडनची प्रिव्ही कौन्सिल. मुंबई हायकोर्टाची अपिलंही १९४९ पर्यंत याच प्रिव्ही कौन्सिलकडे जात होती. घानाने ती वाट बंद केली १९६० मध्ये, प्रजासत्ताक होताना.

‘गोल्ड कोस्टचे रानडे’ म्हणणं. मराठी लेखकाला हा मोह होणारच. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टात आले, कोर्सांच्या बावन्न वर्षं आधी. पण रानडे आले ते सरकारी न्यायखात्याच्या पायऱ्या चढत. सॉल्टपाँडला जन्मलेले, लंडनहून कायद्याची पदवी घेऊन आलेले कोर्सा मात्र वकिली करत राजकारणात उतरले होते. १९२८ पासून ते केप कोस्टचे प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात होते. १९४२ मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात पहिल्यांदाच दोन आफ्रिकी घेतले गेले, नाना ओफोरी अट्टा आणि कोर्सा. सरकारला आतून ओळखणारा माणूस न्यायपीठावर गेला होता, हे लक्षात ठेवूनच त्यांचे निकाल वाचावे लागतात.

आता मोठी चूक: दोन निकालांपैकी एकच सांगणं.

१९५८ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली सरकार कोणालाही खटल्याविना पाच वर्षांपर्यंत डांबू शकत होतं. असांतेहेनेंचे, म्हणजे असांते राजाचे, ज्येष्ठ प्रवक्ते बाफूर ओसेई अकोटो आणि आणखी सात जण असेच पकडले गेले. त्यांच्या बाजूने वकील आणि विरोधी नेते जे. बी. डँक्वा उभे राहिले. त्यांचा मुद्दा होता की राज्यघटनेच्या १३ व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष पद स्वीकारताना जी जाहीर ग्वाही देतात, तिच्याशी हा कायदा विसंगत आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये कोर्सा, व्हॅन लारे आणि अकिवुमी यांच्या पीठाने तो फेटाळला. पीठाचं म्हणणं असं: ती ग्वाही इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या शपथेसारखी आहे, नैतिक बंधन आहे. ती मोडली तर दाद मतपेटीत मागा, कोर्टात नाही. आपल्याकडे आणीबाणीतला, स्थानबद्धांना कोर्टाचं दार बंद करणारा १९७६ चा हेबियस कॉर्पसचा निकाल ज्यांनी वाचलाय, त्यांना हा युक्तिवाद वाचताना कसंसंच होईल. मला तरी हा निकाल क्षम्य वाटत नाही. डँक्वा स्वतः पुढे याच कायद्याखाली न्सावामच्या तुरुंगात होते आणि १९६५ मध्ये तिथेच वारले.

आता दुसरा निकाल. १ ऑगस्ट १९६२ ला घानाच्या उत्तरेतल्या कुलुंगुगूला राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांवर बॉम्बहल्ला झाला. पाच आरोपींमध्ये त्यांचेच दोन मंत्री होते, तविया अदामाफिओ आणि आको अज्येई, शिवाय पक्षाचे पदाधिकारी कॉफी क्रॅब. खास न्यायालयात कोर्सा, व्हॅन लारे आणि अकुफो-अडो बसले. म्हणजे अकोटो प्रकरणातल्या तिघांपैकी दोघे इथेही होते. डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी दोघांना दोषी ठरवलं आणि या तीन बड्या आरोपींना निर्दोष सोडलं. दोन दिवसांत कोर्सांचं सरन्यायाधीशपद गेलं.

नुसतं १९६३ सांगितलं की कोर्सा निष्कलंक वीर होतात. नुसतं १९६१ सांगितलं की सत्तेचे होयबा. दोन्ही निकाल एकाच माणसाने, दोन वर्षांच्या अंतराने दिलेत आणि दोन्ही जागा मिळायलाच हव्यात. माझा अंदाज असा: कायद्याचे शब्द सरकारच्या बाजूने असले की ते हटत नव्हते, आणि पुरावा अपुरा असला तरीही ते हटत नव्हते.

याला जोडून आणखी एक चूक. ‘तिन्ही न्यायाधीशांना लगेच बडतर्फ केलं’ हे वाक्य टाळा. १९६० च्या घटनेने राष्ट्राध्यक्षांना फक्त सरन्यायाधीशाची नेमणूक रद्द करायचा अधिकार दिला होता. बाकी न्यायाधीशांना तसं काढता येत नव्हतं. ती सोय जानेवारी १९६४ च्या सार्वमतानंतर घटना बदलून करण्यात आली आणि मग अकुफो-अडो गेले. १९६६ च्या सत्तांतरानंतर तेच सरन्यायाधीश झाले. इकडे डिसेंबर १९६३ मध्येच निकाल रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा कायदा झाला. फेरखटला चालला, निर्दोष सुटलेल्या त्या तिघा आरोपींनाही फाशी सुनावली गेली, ती नंतर कैदेत बदलली आणि १९६६ च्या सत्तांतरानंतर ते सुटले.

कोर्सा जानेवारी १९६७ मध्ये वारले. लिहायला बसण्याआधी निदान अकोटोचा निकाल मुळातून वाचा. घानाच्या १९६१ च्या लॉ रिपोर्ट्समध्ये तो आहे.