लॅब्रेडॉर डमी उचलतो, पण आणून देत नाही? या चुका टाळा

पडलेला पक्षी शोधून मालकाच्या हातात आणून देणं, हे लॅब्रेडॉरचं मूळ काम. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे हा सराव डमीवरच, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या कॅनव्हासच्या भरीव गुंडाळीवरच होतो. पिल्लू फेकलेल्या वस्तूमागे धावतं आणि ती तोंडात धरतं, हे उपजत. ती घेऊन परत येणं आणि हातात सोडणं मात्र शिकवावं लागतं. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे पिल्लाच्या मागे धावणं. सहा-आठ महिन्यांचं पिल्लू डमी उचलतं आणि पाच-सहा मीटरवर थबकतं. पुढचे पाय पसरलेले, शेपूट हलतेय, नजर तुमच्या पायांवर. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत की ते सुटलंच! त्याच्या लेखी शिवाशिवी सुरू झाली. अशा वेळी पाठ फिरवून उलट दिशेने पळा, दहा-बारा पावलांवर तिरकं उकिडवं बसा आणि त्याच्याकडे रोखून पाहू नका. पिल्लू मागोमाग येतं. आल्या आल्या डमीला हात लावू नका. आधी छाती चोळा, शाबासकी द्या, पाच-दहा सेकंद डमी त्याच्या तोंडातच राहू द्या. मग हनुवटीखाली हात धरून ‘दे’ म्हणा. एकदा हिसकावून घेतली, की पुढच्या खेपेला ते चार हात लांबच थांबतं किंवा दात आवळून धरतं. डमीवर रस्सीखेच तर कधीच खेळू नका. वस्तू चावण्याची सवय तिथूनच लागते.

दुसरी चूक, घरातून थेट मैदान गाठणं. आधी पॅसेजमधली सगळी दारं लावा आणि डमी तीनेक मीटरवर टाका. परतीची वाट तुमच्याकडेच येते, त्यामुळे पिल्लाला चुकायला जागाच उरत नाही. दहापैकी नऊ वेळा डमी हातात यायला लागली, की कुंपणाचं आवार आणि मगच मैदान. तिथे दहा मीटरची दोरी लावा, पण हार्नेसला. गळपट्ट्याला लावली तर धावताना मानेला झटका बसतो. दोरीच्या टोकाला फास किंवा गाठ ठेवू नका, झुडपात अडकते. दोरीने पिल्लाला ओढून आणायचं नसतं, पळून जायची वाट तेवढी बंद करायची असते. ओढलं की ते डमी टाकून देतं.

वाटेतच डमी टाकत असेल तर तुमचे हात तपासा. खाऊ आधीच दिसला, की पिल्लू तो घ्यायला तोंड मोकळं करतं. खाऊ खिशातच असू द्या. डमी हातात आल्यावरच काढा. दुसरं कारण कंटाळा. एका वेळी तीन-चार फेक पुष्कळ झाल्या. अजून एकदा टाक म्हणून ते नाचत असतानाच डमी पिशवीत घाला, आणि एरवी ती खेळायला देऊ नका.

पिल्लाला पाव किलोच्या आसपासची डमी पुरते, अर्ध्या किलोची मोठ्या कुत्र्यासाठी. साधारण चार ते सहा महिन्यांत दात बदलतात. डमीवर रक्ताचा डाग दिसला तर सराव थांबवा. काठी फेकू नका, ती टाळूत किंवा घशात घुसते.

डमी सापडत नसेल तर तो पिल्लाचा दोष नसतो. वारा तुमच्या तोंडावर येईल असे उभे राहून फेका, म्हणजे वास त्याच्याकडे येतो. रंगही पाहा. नारिंगी डमी आपल्याला चटकन दिसते, पण कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नसल्याने गवतात ती हरवते. सुरुवातीला पांढरी किंवा निळी घ्या.

उन्हाळ्यात सराव सकाळी ऊन चढायच्या आत आटपा. पावसाळा सरल्यावर माळावरचं कुसळी गवत वाळतं आणि कुसळं कानात, नाकात, पंजाच्या बेचक्यांत शिरतात. प्रत्येक सरावानंतर बोटं फाकवून पाहा, कानाची पाळी उलटून पाहा. पिल्लू अचानक शिंकायला लागलं, डोकं एका बाजूला झटकू लागलं किंवा एकच पंजा चाटत बसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. कुसळ आत सरकत जातं आणि मग ते काढायला भूल द्यावी लागू शकते.